फ्रिज बंद करून बघायचा सिनेमा

विद्याधरकाकांवर लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. परदेशातल्या बॉथेल गावात त्यांना कित्येक वर्षांपासून ओळखणारी माणसं आहेत. मुंजीएवढ्या थाटात झालेल्या त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला जेवलेली, त्यांच्या पत्नीच्या हातची पुरणपोळी खाल्लेली. मी त्यांच्या आयुष्यात आलो तो दोन हिवाळ्यांपुरता, शिकायला आलेला एक मुलगा म्हणून. शिवाय मला लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. माझं लिहिणं परीक्षेपुरतं आणि अर्जांपुरतं. तरी काकांच्या मुलीनं, अनघाताईंनी सांगितलं की जे आठवतं ते लिही, म्हणून बसलो आहे. आठवतं तेवढंच लिहितो. जे आठवत नाही त्याबद्दल शेवटी सांगेन.

काका माणसांना गावाच्या नावानं हाक मारत. मी मंगळवेढ्याचा, म्हणून मी ‘मंगळवेढं’. माझी सीनियर शलाका ‘नागपूर’. नाशिकचे दोघं भाऊ होते, त्यातला थोरला ‘नाशिक’ आणि धाकटा ‘नाशिक रोड’. काका मला पहिल्यांदा भारतीय किराणा दुकानात भेटले तेव्हा मी शेंगदाण्याच्या दोन पिशव्या हातात धरून किमती बघत उभा होतो. मागून आवाज आला, “डावीकडची घे. उजवीकडचे खवट निघतात. कुठला तू?”

मी गाव सांगितलं.

“अरे वा, ज्वारीचं गाव. भाकरी येते का करायला?”

“नाही, काका.”

“मग काय येतं?”

मी म्हणालो, “वाचायला येतं.” ते दुकानातच इतके हसले की बिल करणारी बाई वळून बघायला लागली. मी खरं तेच सांगितलं होतं. माझ्या वडिलांचं, बापूंचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पंपाच्या आवाजावरून ते कॉइल कुठं गेली ते सांगतात, पण अक्षर म्हणून फक्त सही. पहिलीत गेल्यापासून घरात येणारा प्रत्येक छापील कागद मी मोठ्यानं वाचायचा, हे ठरलेलं. लग्नपत्रिका, विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरचं. वाचताना मी कुठं अडखळून अंदाजानं काही बोललो तर बापू लगेच म्हणायचे, “छापलंय तेवढंच वाच. मनाचं घालू नको.” आमच्या घरात छापलेलं ते खरं. हे इथं सांगायचं कारण पुढं येईल.

काका एका बायोटेक कंपनीतून निवृत्त झालेले. उंच, किंचित वाकलेले, घरात कायम बाह्या दुमडलेला स्वेटर. गाडी इतकी हळू चालवत की मागचे हॉर्न वाजवत. “घाई असेल त्यानं पुढच्या गल्लीतून जावं,” असं ते शांतपणे आरशाला सांगत. चहा करताना बोलत नसत. चपला दारात काढल्या की वळून, बाहेर तोंड करून ठेवत. “निघताना पाठ फिरवायला लागू नये,” म्हणत. हे सगळं त्यांनी एका सिनेमातून उचललं होतं हे मला बरंच नंतर समजलं.

पहिल्या सेमिस्टरमध्ये मला वर्गापुढे माझं काम सांगायचं होतं आणि आठवडाभर आधीपासून मी ते टाळायचे बहाणे शोधत होतो. शलाका मला काकांकडे घेऊन गेली. “काका, हा इंग्लिशला घाबरतोय यार. याला काहीतरी सांगा.”

काकांनी मला झाडूचा दांडा दिला. हॉलच्या मधोमध उभं केलं. “धर दोन्ही हातांनी. आता गॅसवर आधण ठेवतो. उकळी फुटेपर्यंत हलायचं नाही.”

“आणि बोलायचं काय, काका?”

“बोलायचं कोण म्हणतंय? आधी उभा राहा. नीट उभा राहिलेल्या माणसाचं लोक ऐकून घेतात. आमच्या सिनेमातला मास्तर बघ, अर्धा सिनेमा नुसता उभा असतो.”

मी उभा राहिलो. शलाका सोफ्यावर बसून हसत होती. “काका, नाशिक रोडला बोलवा, फोटो काढायला!” उकळी फुटायला जन्म गेला. पण त्या आठवड्यात वर्गासमोर मी आधी नुसता उभा राहिलो, समोर बघितलं, आणि मग बोललो. फार चांगलं बोललो असं नाही. पण थांबलो नाही.

‘आमचा सिनेमा’ म्हणजे एक जुना काळा-पांढरा जपानी सिनेमा, तलवारींचा. काका त्याचं नाव कधी घेत नसत. कुठल्याशा जपानी दुकानातून पूर्वी घेतलेली त्याची व्हिडिओ कॅसेट त्यांच्याकडे होती. तिच्यावर इंग्रजीचं एक अक्षर नव्हतं. पडद्यावर मधूनच पट्टे सरकत. दरवर्षी जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी ते आम्हा मुलांना बोलावत, पडदे ओढत आणि तो सिनेमा लावत. आवाज चालू ठेवत, पण पात्रं बोलायला लागली की त्यांच्यावरून स्वतः मराठीत बोलत. सगळ्यांचं. सरदाराचं, नोकराचं, नाव वल्हवणाऱ्या बाईचं. आम्हाला जपानी येत नव्हतं आणि काकांनाही येत नव्हतं.

गोष्ट साधी होती. एका म्हाताऱ्या तलवारबाजाला मालकानं काढून टाकलंय. तो नदीकाठच्या गावात मुलांना तलवार शिकवतो. काकांच्या मराठीत तो ‘मास्तर’. नदी पार करून देणारी बाई ‘अक्का’. मग एक तरुण येतो, ‘धाकटा’. मास्तरानं पूर्वी कधी त्याच्या बापाला मारलेलं असतं. शेवटी दोघं नदीकाठच्या लव्हाळ्यात समोरासमोर उभे राहतात.

पण काकांच्या तोंडून ती गोष्ट अशी काही यायची की हसून मुरकुंडी वळे. तलवार कमरेला लावून आलेला सरदार दारात उभा राहून म्हणे, “पाय धुवा आधी, मग काय ती लढाई.” अक्का नावेत बसलेल्या धाकट्याला म्हणे, “डोळे खोल गेलेत तुझे. सकाळपासून पोटात काही आहे का?” आणि मास्तर, तो मिशाळ म्हातारा, मांजर आडवं गेल्यावर चक्क “अगंबाई!” म्हणे. तिथं आम्ही सगळे एकदम ओरडायचो. काकासुद्धा हसायचे, पण एक क्षण उशिरा.

या खेळाचे नियम कडक होते. शेवटच्या लढाईत कुणी खायचं नाही, आणि फ्रिज बंद करायचा. काकांचा फ्रिज जुना, त्याची घरघर हॉलपर्यंत येई. आणि त्या प्रसंगात सिनेमात काहीच आवाज नाही. दोघं उभे, वारा, बस्स. काका म्हणत, “त्या वाऱ्यात आपला फ्रिज मिसळायचा नाही.” एका वर्षी फ्रिज पुन्हा लावायचा राहिला आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी आणलेलं श्रीखंड आंबलं. तेव्हापासून ते काम नव्या मुलाकडे असे.

मी आलो त्या वर्षी नवा मीच. जागा उरली नव्हती म्हणून काकांच्या खुर्चीच्या पायाशी, स्वयंपाकघराच्या दाराजवळ बसलो होतो.

“दोघं लव्हाळ्यात शिरले की प्लग काढ,” काकांनी सांगितलं, “आणि संपलं की लाव. विसरू नको, मंगळवेढं.”

“संपलं म्हणजे कधी, काका?”

“माणूस पडला की संपलं.”

मी प्लग काढला आणि येऊन बसलो. ती शांतता मी विसरणार नाही. एवढी मुलं, आणि कुणाच्या जॅकेटचा आवाज नाही. मग मास्तरचा उगारलेला हात हवेतच थांबला, धाकट्याचा एकच वार, आणि मास्तर गुडघ्यांवर आला. धाकटा त्याला काहीतरी विचारतो. काकांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं, “तुमचा हात का थांबला?” आणि मग मास्तरचं उत्तर: “पोरा, तुझी आई जेवायची थांबली असेल.”

मास्तर पडला. माणूस पडला की संपलं. मी उठून फ्रिज लावायला पळालो. पाठीमागे काका अजून काहीतरी पुटपुटत होते. पडलेला मास्तर आणखी एक वाक्य बोलतो, तेवढं. प्लग घालताना वाटलं, हे ऐकायचं राहिलं. म्हटलं, पुढच्या वर्षी फ्रिज दुसऱ्याकडे असेल, तेव्हा नीट ऐकू.

पुढच्या वर्षी मी काय केलं ते सांगतो.

माझ्या डोक्यात एकच होतं की काकांनी माझ्यासाठी इतकं केलंय, आपण काहीतरी करायला हवं. विद्यापीठाच्या लायब्ररीत मी तो सिनेमा शोधला. नाव माहीत नव्हतं, नदी, लव्हाळं आणि म्हातारा असं सांगून तिथल्या बाईंना दोनदा त्रास दिला. सापडला. नवी, स्वच्छ केलेली प्रत, इंग्रजी सबटायटल्ससकट. मला वाटलं, काकांना इतकी वर्षं अंदाजानं बोलावं लागतंय. बिचाऱ्यांकडे छापलेलं नव्हतं.

शनिवारी सगळ्यांसमोर मी ती डिस्क त्यांच्या हातात दिली. काकांनी ती उलटी करून बघितली, पुन्हा सुलटी केली.

“अरे वा. यात सगळं लिहिलेलं येतं?”

“सगळं, काका. प्रत्येक वाक्य.”

शलाका माझ्याकडे बघून मान हलवत होती. मला वाटलं, कौतुक करतेय. नाशिक म्हणाला, “काका, कॅसेटच लावा ना, आपली सवयीची.”

“छे छे,” काका म्हणाले. “पाहुण्यानं आणलेलं आधी वाढायचं असतं.”

चित्र लखलखीत होतं. लव्हाळ्याचं पातं न् पातं दिसत होतं. काकांनी नेहमीसारखी सुरुवात केली, सरदार दारात आला, “पाय धुवा आधी…” आणि खाली इंग्रजीत आलं की तुला या घरात जागा नाही. नवीन आलेली दोन मुलं खुसखुसली. काका थोडं थांबले, पुढं गेले. नाव आली. अक्का म्हणाली, “डोळे खोल गेलेत तुझे.” आणि मी, खुर्चीच्या पायाशी बसलेला मी, मान वर करून म्हणालो, “काका, इथं ती तसं नाही म्हणत. ती भाडं मागतेय.”

सगळे हसले. मीही हसलो.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “असं का? बरं. मग तूच वाच, बाबा. तुला वाचायला येतं.”

मला ते किती मोठं वाटलं, काय सांगू. मी पडद्याशेजारी उभा राहिलो, त्यांनीच शिकवलं होतं तसा, आणि वाचायला लागलो. इंग्रजी वाचून लगेच मराठीत सांगत होतो. एक शब्द गाळला नाही, मनाचा एक घातला नाही. बापूंनी ऐकलं असतं तर खूश झाले असते. मधे काका उठले आणि चहा ठेवायला गेले. सिनेमा चालू असताना ते कधी उठत नसत, हे माझ्या लक्षात आलं नाही. दोघं लव्हाळ्यात शिरले, उभे राहिले. फ्रिजची घरघर चालूच होती. ते काम कुणाकडे आहे हे त्या वर्षी कुणी ठरवलंच नव्हतं. काका स्वयंपाकघरात त्या फ्रिजला टेकून उभे होते, मला दिसत होते.

धाकट्यानं विचारलं, “तुमचा हात का थांबला?” मी मास्तरचं वाचलं: “थंडीनं बोटं आखडली होती.” मास्तर पडला. त्यानंतर खाली काहीच आलं नाही. मूळ सिनेमात तिथं तो आणखी काही बोलतच नाही.

“छान वाचलंस,” काका म्हणाले आणि मला पहिला कप दिला.

परतताना शलाका गाडी चालवत होती. म्हणाली, “तुला कुणी सांगितलं नाही, ही आमची चूक.”

“काय नाही सांगितलं?”

“ते काकांचं नाहीये रे. काकूंचं आहे.”

निर्मलाकाकू मी येण्यापूर्वीच गेल्या होत्या. शलाकानं त्यांना शेवटचं एक वर्ष बघितलेलं. या देशात आल्यावर पहिल्या हिवाळ्यात दोघांनी ती कॅसेट आणली, चित्र बघून. भाषा कळेना, तर काकूंनी मनानंच गोष्ट सांगायला सुरुवात केली. पुढं दर जानेवारीत काकू बोलत आणि काका ऐकत. मुलं जमायला लागली तरी बोलायच्या काकूच. त्या गेल्यावर पहिल्या जानेवारीत काकांनी कॅसेट लावली, आणि सगळे गप्प बसलेले असताना स्वतः बोलायला लागले. तीच वाक्यं, त्याच जागी.

“ते ‘अगंबाई’?” मी विचारलं.

“काय वाटलं तुला? मास्तर म्हणतो?”



त्यानंतर काका माझ्याशी जराही वेगळे वागले नाहीत, आणि तेच मला सोसेना. प्लेनोच्या एका कंपनीत मला मुलाखतीला बोलावलं तेव्हा त्यांनीच विमानतळावर सोडलं, तसंच हळूहळू. मी धीर करून म्हणालो, “काका, त्या दिवशी माझं चुकलं. मला माहीत नव्हतं.”

“कशाचं?”

“सिनेमाचं. मी मधे बोललो.”

त्यांनी आरशात बघितलं, एका मोठ्या ट्रकला पुढं जाऊ दिलं. “तू बरोबर वाचलंस, मंगळवेढं. बरोबर वाचल्याबद्दल कुणी माफी मागतं का?”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

नोकरी लागली. त्याच उन्हाळ्यात काकांनी घर विकून अल्फारेटाला अनघाताईंकडे जायचं ठरवलं. शलाका म्हणते, ते आधीपासूनच चाललं होतं, गुडघे दुखत होते, जिने नको झाले होते. असेल. मी तिला पुन्हा पुन्हा विचारतो, आणि ती प्रत्येक वेळी तेच सांगते.

सामान बांधायला आम्ही सगळे गेलो होतो. अनघाताई आल्या होत्या. त्या काकांशी इंग्रजीत आणि काका त्यांच्याशी मराठीत, असं दोघांचं छान चाललं होतं. “Baba, this fridge is ancient. ते लोक घेऊन जातील ना दान म्हणून?” “जातील. आधी रिकामा तर करू दे मला, ठकी.” जुनी कॅसेट कुठल्या खोक्यात गेली ते मी बघत होतो. ‘चादरी’ लिहिलेल्या खोक्यात गेली.

मी शेवटचं खोकं घेऊन हॉलमधून निघालो तेव्हा काका स्वयंपाकघरात एकटे होते. त्यांनी वाकून फ्रिजचा प्लग काढला. घरघर थांबली. रिकाम्या घरात ती शांतता फारच मोठी वाटली. काका फ्रिजच्या दारावर तळहात ठेवून नीट, सरळ उभे राहिले. वाकलेपण जरा गेल्यासारखं वाटलं. त्यांचे ओठ हलत होते.

मी दारातून विचारलं, “काही म्हणालात, काका?”

“नाही रे. गाडीत सगळं बसतंय का ते बघ.”

मी बघायला गेलो. दारात त्यांच्या चपला होत्या, बाहेर तोंड करून. काका मला दिसले ते तेव्हाच शेवटचे.

प्लेनोहून सुरुवातीला दर रविवारी फोन करायचो. “जेवलास का?” हे आधी. मग हवेचं, मग बापूंच्या दुकानाचं. सिनेमाचं कधीच नाही. जानेवारी आला की मी त्या आठवड्यात फोन टाळायचो. पुढं बाकीच्या आठवड्यांतही टाळायला लागलो. मग रविवारी तेच फोन करू लागले, आणि काही वेळा त्यांचं नाव स्क्रीनवर चमकताना मी नुसता बघत बसलोय.

म्हणून गेल्या महिन्यात ऑफिसच्या पार्किंगमध्ये असताना त्यांच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी लगेच उचलला. सलग दोन रविवार त्यांचा फोन आला नव्हता. पलीकडे अनघाताई होत्या.

“संतोष? Baba गेले. मंगळवारी. I'm sorry, तुला आधीच कळवायला हवं होतं.”

मी गाडीला टेकून उभा राहिलो. त्याच बोलत राहिल्या. शेवटी फारसं दुखलं नाही. सकाळी गेले. मग म्हणाल्या, “डिसेंबरमध्ये मी ती कॅसेट शोधून काढली. मशीन मागवलं. म्हटलं, Baba, मला आईचं सांगा, मी लहानपणी कधी नीट ऐकलंच नाही, मी वर माझ्या खोलीत असायची. त्यांनी सांगितलं थोडं. हळूहळू. पाय धुवा, वगैरे. ती नाव. फ्रिज पण बंद करायला लावला मला!” त्या हसल्या, आणि मग हसणं थांबलं. “But the ending, तिथे ते गप्प झाले. मी विचारलं, आई काय म्हणायची इथे? तर म्हणाले, बोटं आखडली होती म्हणून. म्हणाले, तसंच आहे ते, छापलेलं आहे.”

माझ्या शेजारून एक गाडी गेली. मी ती जाऊ दिली.

“पण आईचं ते नव्हतं ना?” अनघाताईंनी विचारलं. “मी शलाकाला विचारलं. ती म्हणाली, शेवटचं आई काय आणि Baba काय, इतकं हळू बोलायचे की मागे बसणाऱ्यांना कधी ऐकूच आलं नाही. पण तू खुर्चीजवळ होतास. तुला आठवतं?”

“हो,” मी म्हणालो. “मास्तर म्हणतो, पोरा, तुझी आई जेवायची थांबली असेल.”

अनघाताईंनी ते वाक्य स्वतःशीच, अडखळत, एकेक शब्द जुळवत म्हणून बघितलं. आणि म्हणाल्या, “हो. हे आईच. आणि पुढे?” पुढचं वाक्य काकांनी म्हटलं तेव्हा मी फ्रिजचा प्लग लावत होतो.